साडेसातची उपासना

फत्तेगंजच्या आमच्या देवळात दोन उपासना:
साडेसातला मराठी, साडेनऊला गुजराती.
मराठीला आम्ही तीस-पस्तीस माणसं,
निम्मी संधिवाताची.

यमीमा उजागरे अकरा वर्षं गुजरातीला बसली.
तिचे आजोबा नगरहून इथे कंपाउंडर म्हणून आलेले,
तिची आई अजून माझ्याच बाकावर,
आणि ही मागच्या खांबाआड, दुसऱ्यांच्या भाषेत.
आम्ही म्हणायचो, लाजत असेल.
खरं सांगते, बरंच वाटायचं.

मग माझा गुडघा सयाजी हॉस्पिटलात
तिच्या मशीनखाली आला.
"श्वास धरा," म्हणाली. "सोडा."
अंधारात मीच विचारलं, आपल्यात का येत नाहीस?

"मावशी, गुजरातीत मतांगीकार म्हणताना
हुं विश्वास करुं छुं, एवढंच.
बाई का बुवा, कुणी विचारत नाही.
मराठीत मात्र दर रविवारी
देवासमोर पहिल्याच वाक्यात सांगावं लागतं,
ठेवतो की ठेवते.
बारा वर्षांची असताना हळूच ठेवते म्हटलं होतं.
बाबांनी बाकाखाली पाय दाबला.
बुटासकट."

मग आता परत कशाला?

"झोपेत प्रार्थना मराठीतच येते हो."

घरी येऊन पुस्तक उघडलं.
छापलंय: ठेवतो.
मी साठ वर्षं तेच म्हणत आलेय,
माझी आई तेच, तिची नणंद तेच,
बायकांचं अख्खं बाक दर रविवारी
बुवा होऊन विश्वास ठेवत होतं
आणि कुणी सभा बोलावली नव्हती.

तिच्यासाठी बोलावली. पाच वेळा.
वाचकांच्या यादीत नाव घालायचं, एवढाच अर्ज.
पाटोळे म्हणाले, आज वाचन, उद्या प्रभुभोजन;
पुरुष उजवीकडे टेकतात, स्त्रिया डावीकडे,
ही कठड्याच्या कुठल्या बाजूला?
यावर पावणेदोन तास.
मी म्हटलं, माझा गुडघा टेकतच नाही,
मी उभ्याने घेते, मला कुठे मोजता?
चहावर साय धरली.

पाद्रीसाहेब भले माणूस, वाद नको असतो त्यांना.
म्हणाले, मतांगीकारात "आम्ही ठेवतो" म्हणू या.
आम्हीत सगळे बसतात, व्याकरणाचीही भानगड नाही.
यमीमा दाराशी उभी होती, हातात डबा.
म्हणाली, "आम्हीत मी पहिल्यापासून होते, साहेब.
लपायला चांगली जागा आहे ती."

ठराव झाला: एक रविवार. प्रायोगिक.

ती रात्रपाळी करून थेट आली,
गळ्यातलं ओळखपत्र काढायची राहिली होती.
वाचन बरं झालं, एक नाव अडखळलं.
मग आम्ही उठून उभे राहिलो
आणि ती म्हणाली, मी,
आणि थांबली.
पंख्याचा आवाज. भिंतीवर पुराची जुनी रेघ.
माझ्या शेजारी तिच्या आईने
चष्मा काढून पदरात धरला
आणि लेकीच्या आधी म्हटलं,
ठेवते.
मग तिने.
मग आमचं बाक, मागेपुढे, बेसूर.
माझी जीभ सवयीने ठेवतो म्हणून गेली,
पुढच्या ओळीला सुधारलं.

पाटोळे काठी टेकत बाहेर गेले.
त्यांच्या मिसेस जागच्या हलल्या नाहीत,
शेवटच्या आमेनपर्यंत उभ्या,
मग त्यांची टोपी उचलून सावकाश मागून गेल्या.
पुढच्या रविवारी दोघं येतील का, माहीत नाही.
यमीमा कठड्याशी मधोमध टेकली,
जिथे गालिचा फाटलाय.

दारात मॅकवानभाई डोकावले,
त्यांची माणसं बाहेर जमली होती, गाड्या लागल्या होत्या.
"पती गयुं?" त्यांनी खुणेनेच विचारलं, ओठ हलवून.

"ना," मी म्हटलं. "हजी वार छे."